मामांच्या मेंदूत बुरशी म्हणालेत, पाठीतलं पाणी परत परत काढू द्यायचं काय?

फौंड्रीवाला

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, दोन रात्री झोप नाही. पेशंट माझे मामा, वय ५४, खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला गाव, भाताची शेती. मी बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, त्यामुळं हॉस्पिटलची सगळी धावपळ माझ्याकडं.

दीड महिन्यापासून डोकं दुखतंय म्हणून सांगत होते. आधी पित्त म्हणून गोळ्या झाल्या, मग चष्म्याचा नंबर बघून झाला, मग सायनस, मग आज्जीनं नजर काढली. मधेच बारीक ताप यायचा, जायचा. पंधरा दिवसांमागं उलट्या सुरू झाल्या आणि एक दिवस सकाळी मामीला म्हणाले, गोठ्यात हे दोन बैल कुणाचे बांधलेत गं. आमच्यात बैल एकच आहे, दुसरा दोन वर्षांमागंच विकला. सगळी हसली त्यावेळी. दोन दिवसांनी आज्जीलाच तू कोण म्हणून विचारलं तेव्हा हसणं बंद झालं.

एका दवाखान्यात नेलं, तिथं मेंदूचा टीबी असेल म्हणून टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू केली. चार दिवस गेले, उतार काय नाही, म्हणून बेळगावला मोठ्या हॉस्पिटलात आणलं. इथं पाठीतलं पाणी काढून तपासलं तर क्रिप्टोकॉकस म्हणून निघालंय, मेंदूच्या आवरणात बुरशी झालीय म्हणालेत. डॉक्टरनी पहिला प्रश्न विचारला, कबुतरं आहेत काय घरात? पाळलेली नाहीत, पण जुनं कौलारू घर आहे, माळ्यावर भाताची पोती असतात आणि आढ्याला पारव्यांची घरटी. पाडव्याच्या आधी मामांनीच माळा झाडून काढलेला.

एचआयव्हीची टेस्ट केली ती निगेटिव्ह आली. पण रिपोर्ट यायच्या आधीच बातमी गावात पोचली, मामीला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. शुगर नॉर्मल आहे. फक्त दहा-बारा वर्षं सांधेदुखीसाठी एक बारकी पांढरी गोळी घेतात, मेडिकलमधून आणून, चिठ्ठीबिठ्ठी नाही. ती घेतल्यापासून तोंड गोल गरगरीत झालेलं, पाहुणे म्हणायचे तब्येत सुधारली की.

आता मुद्दा. काल एकदा पाणी काढलं, तेव्हा मामा जरा शुद्धीवर आल्यासारखे झाले, आज परत झापड. डॉक्टर म्हणतात उद्या परत काढायचं, गरज पडली तर रोज काढायचं. आज्जी आणि थोरले मामा ऐकायला तयार नाहीत. पाठीत सुई घातली की माणूस लुळा होतो, मेंदूतलं पाणी संपून जातं, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर कन्नडमध्ये हेदरब्याड्री, हेदरब्याड्री (घाबरू नका) म्हणतात, पण आज्जीला ते कळत नाही आणि कळलं तरी पटणार नाही. सकाळी ९ ला सही मागितलीय. काय करू? आणि हे घरातल्या बाकीच्यांना लागतं काय?

रातपाळीची_सिस्टर

सही करा. बाकीचं नंतर वाचा.

आता सविस्तर. मी अकरा वर्षं वॉर्डात काढलीत, मेडिसिनला आणि आयसीयूला, हा आजीचा प्रश्न मला दर महिन्याला कोण ना कोण विचारतंच. पाठीचा दोर, म्हणजे स्पायनल कॉर्ड, मोठ्या माणसात कमरेच्या वरच संपतो, पहिल्या-दुसऱ्या लंबार मणक्यापाशी. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे. तिथं दोर नसतोच, नुसत्या नसांचे धागे पाण्यात लोंबत असतात, विहिरीत सोडलेल्या सुंभाच्या झिरमिळ्या असाव्यात तसे, सुई लागली की बाजूला सरकतात. त्यामुळं लुळा होण्याची भीती जी आहे ती आजीला तशीच्या तशी समजावून सांगा, नुसतं घाबरू नको म्हणू नका.

पाणी संपतं हे तर अजिबातच नाही. अंगात एका वेळी ते सगळं मिळून साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतं. उद्या ३० मिली काढलं तरी दीड-दोन तासात भरून येतं. खरं दुखणं उलटं आहे, तुमच्या मामांच्या डोक्यात पाणी कमी नाही, जास्त तुंबलंय.

या आजारात पाणी काढणं म्हणजे तपासणी नाही, औषध आहे. ही ओळ थोरल्या मामांना वाचून दाखवा. सुई आत गेली की डॉक्टर एक काचेची नळी लावतात आणि प्रेशर मोजतात, २० सेंटिमीटरपर्यंत ठीक, २५ च्या वर असेल आणि त्रास होत असेल तर काढायचं, २० च्या खाली तरी आणायचं किंवा फारच वर असेल तर निम्म्यावर. आणि ते परत चढतं म्हणून परत काढायचं. माझ्या बघण्यातली एक बाई, पस्तिशीची, नवऱ्यानं दुसऱ्या वेळी नको म्हटलं. बाई वाचली पण नजर गेली, प्रेशरनं डोळ्याची नस सुकते. मामांना दोन बैल दिसले ना, ते हेच, डोळा फिरवणारी नस दाबली जाते. तेव्हा पुढचं दिसायला लागायच्या आत सही करा.

डोकं दुखणं सुईनंतर काही दिवस राहू शकतं, कंबर पण ठणकते. एवढंच.

तात्या_चिकोडीकर

आमच्या चुलत भावाला असाच मेंदूज्वर झालेला २०१४ ला. सांगलीला नेलं, स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसात उठून बसला. तुमच्याकडं चालू होतं ते बंद का केलं? डॉक्टरला स्पष्ट विचारा. पाठीतलं पाणी काढून पैसे उकळतात काही ठिकाणी, सगळं खरं धरू नका. बाकी देव बरं करो.

पीजी_संपलेला

तात्या, राग मानू नका पण हा सल्ला इथं घातक आहे. तुमच्या भावाला बहुतेक टीबीचा किंवा साधा बॅक्टेरियाचा मेंदूज्वर असणार, त्यात स्टेरॉइड देतात आणि त्याचा फायदा होतो. क्रिप्टोकॉकसमध्ये तेच करून बघितलं होतं, व्हिएतनाम, मलावी, युगांडा अशा देशांत मोठी ट्रायल झाली, २०१६ ला छापून आली, ती मधेच थांबवावी लागली कारण स्टेरॉइडवाल्या गटात बुरशी सावकाश मरत होती आणि अपंगत्व जास्त येत होतं. म्हणून ते बंद केलं असणार.

आधीच्या दवाखान्यानं टीबी धरलं याबद्दल फार दोष देऊ नका हो. आपल्याकडं महिनाभर रेंगाळलेला मेंदूज्वर म्हटला की टीबीच आधी डोक्यात येतो आणि बऱ्याचदा खरा पण निघतो. पाण्याचा साधा रिपोर्ट दोन्हीकडं सारखाच, लिम्फोसाइट (एक जातीच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, साखर उतरलेली, प्रोटीन चढलेलं. चूक तिथं होते की बुरशीची टेस्ट लिहिलीच जात नाही, जी दहा मिनिटांत होते. मी स्वतः रेसिडेंट असताना एकदा लिहायची राहून गेली होती, त्यामुळं मोठ्या तोंडानं बोलायचा हक्क मला नाही.

फौंड्रीवाला, दोन गोष्टी उद्या राउंडला विचारा. एक, टीबीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद? कारण त्यातली रिफाम्पिसिन पुढं द्यायच्या फ्लुकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीच्या गोळीचा, जोर कमी करते. दोन, ती बारकी पांढरी गोळी. ती बहुतेक प्रेडनिसोलोन किंवा डेक्सा असणार, रिकामं पाकीट घेऊन जा. इतकी वर्षं घेतलेली गोळी एकदम तोडायची नाही, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं काम झोपलेलं असतं, एकदम बंद केली तर बीपी कोसळतं. डॉक्टर हळूहळू उतरवतील. पण हे तुम्ही सांगितलंत तरच ना त्यांना कळणार! पेशंटचे नातेवाईक सांधेदुखीच्या गोळीला औषधात धरतच नाहीत.

आता हे मेंदूत जातं कसं ते सांगतो, कारण गावात ज्या गोष्टी चालल्यात त्याला उत्तर त्यातच आहे.

ही एकपेशी बुरशी, यीस्ट. पण पावात घालतात त्या खमिरापेक्षा हिचं नातं भूछत्रांशी, म्हणजे खानापूरच्या रानात पावसाळ्यात अळंब्या उगवतात ना, त्यांच्या मोठ्या कुळातली ही. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत, कुजलेल्या लाकडात, झाडांच्या ढोलीत, मातीत असते. तिची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते. आपण सगळ्यांनीच घेतलेली आहे ती कधी ना कधी, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात २००१ ला लहान पोरांचं रक्त तपासलं तर दोन वर्षांवरच्या बहुतेकांत तिच्याविरुद्धची अँटिबॉडी निघाली. काही होत नाही कारण फुप्फुसातल्या पेशी तिला गिळतात आणि भोवतीनं गाठ बांधून कोंडून ठेवतात. मरत नाही ती, कोंडलेली असते. वर्षानुवर्षं.

त्या कोठडीचा पहारा म्हणजे सीडी४ नावाच्या टी पेशी. एचआयव्हीत त्या संपत जातात, १०० च्या खाली गेल्या की धोका. किडनी बदललेल्यांत औषधांनी मुद्दाम दाबलेल्या असतात. आणि मामांच्यात त्या गोळीनं. पहारा सुटला की बुरशी रक्तात येते आणि मेंदूचा रस्ता धरते. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची पक्की नाकाबंदी असते, पण हिच्याकडं युक्त्या आहेत. काही बुरशी वाहिनीच्या पेशीतूनच आरपार जाते. आणि काही, हे मला आजही भारी वाटतं, तिला पकडायला आलेल्या पांढऱ्या पेशीच्याच पोटात बसून जाते. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर पोलिसाच्याच जीपमध्ये मागं बसून चोर पलीकडं गेला, कोण अडवणार?

म्हणून मामांच्या बाबतीत पाडव्याला झाडलेला माळा कारण असेल, नाहीतर वीस वर्षांपूर्वीची धूळ असेल. ते आता कुणी सांगू शकत नाही. आणि माणसातून माणसाला हे लागत नाही, खोकल्यातून नाही, ताटातून नाही, शेजारी झोपून नाही. मामीला जवळ बसू द्या.

निपाणी_लॅबवाला

डॉक्टरसाहेबांनी मस्त लिहिलंय, मी लॅबचं सांगतो कारण आमच्या कामाबद्दल कोण विचारत नाही 🙂

पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात काळी इंडिया इंक मिसळायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. सगळं काळं दिसतं आणि मधेमधे गोल पांढरी वलयं, वलयात एक गोल दाणा, कधी त्या दाण्याला बारकं पिल्लू चिकटलेलं. फालुद्यात भिजवलेला सब्जा आठवा, मधे बी आणि भोवती बुळबुळीत कवच, डिट्टो तसं. ते कवच साखरेच्या जातीच्या पदार्थाचं असतं आणि तीच हिची खरी ताकद, आपल्या पेशींना धरायला गावत नाही. शाईत शंभरातल्या पंधरा-वीस केस हुकतात, म्हणून आता क्रॅग म्हणून पट्टी टेस्ट करतात, प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखीच दोन रेघा, रक्तावर पण चालते. हुकणं जवळपास नाहीच.

आणि ते पाणी का तुंबतं हे पण या कवचातच आहे. मोरीच्या जाळीवर भाताची पेज ओतत राहिलं तर जाळी कशी चोंदते, तसं हे कवच सुटून सुटून मेंदूचं पाणी जिथून रक्तात परत जातं त्या जाळ्या चोंदतात. वर नळ चालूच, दिवसाला ५००. मग सुईनं काढण्याशिवाय गत्यंतर काय?

अजून एक गंमत, म्हणजे गंमत म्हणायची पाळी नाही पण सांगतो. ही बुरशी ओळखायला एक खास मीडिया, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवायचं खाद्य, असतो, तो कारळ्याचा! आपण चटणी करतो तेच कारळे, कानडी लोक गुरेळ्ळु म्हणतात तेच. कारळ्याच्या अर्कात ही बुरशी वाढवली की तांबूस काळी होते, बाकीच्या यीस्ट पांढऱ्याच राहतात. कारण तिच्याकडं रंग बनवायचं यंत्र आहे, मेलॅनिन, आपल्या केसात कातडीत असतं ते. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन भरपूर, त्यातून ती तोच रंग करून अंगावर चिलखत घालते असं म्हणतात, म्हणून तिला मेंदू मानवतो. शिकताना ही कारळ्याची गोष्ट ऐकली आणि घरी जाऊन चटणी खाताना हसू आलं होतं. (चटणीनं काही होत नाही, बिनधास्त खा, नाहीतर उद्या व्हॉट्सॅपला फिरायचं.)

शहापूर_कबुतरवाला

सगळीकडं कबुतरांचंच नाव. आमच्यात आजोबांपासून कबुतरं आहेत, ४० च्या वर, कुणाला काय झालं नाही. आता सोसायटीवाले असलं वाचून आमच्या मागं लागतील.

पीजी_संपलेला

अहो कबुतराला हा आजार होतच नाही सहसा, त्याचं अंग ४१-४२ डिग्रीला तापलेलं असतं, बुरशीला ते सोसत नाही. ती वाढते साठलेल्या वाळक्या विष्ठेत. धडधाकट माणसाला घाबरायचं कारण नाही, तुमचे आजोबा त्याचा पुरावा. पण घरात कुणाची किडनी बदललेली असेल, केमो चालू असेल, रोज स्टेरॉइड असेल तर त्यानं खुराडं झाडू नये. आणि कुणीही झाडताना आधी पाणी मारून भिजवा, तोंडाला मास्क लावा, कोरडा झाडू फिरवू नका. एवढं केलं की झालं.

तसं कबुतरावरच सगळं ढकलता पण येत नाही. हिची एक चुलत बहीण आहे, गॅटी नावाची, ती निलगिरीच्या झाडांवर सापडते आणि ती धडधाकट माणसांना पण गाठते. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर १९९९ पासून तिची साथ आली होती, तिथं तर निलगिरी पण नव्हती, तिथल्याच रानातल्या झाडांवर निघाली. म्हणून झाडं तोडत सुटायचं काय?

फौंड्रीवाला

अपडेट. सही केली. थोरल्या मामांना सिस्टरनी लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, सुंभाच्या झिरमिळ्यांपाशी आज्जी म्हणाली परत वाच. मग म्हणाली, घाला म्हणावं सुई, पण मी भाईर बसणार.

प्रेशर ४१ होतं!! २८ मिली काढलं, शेवटी १८ वर आलं. तासाभरात मामांनी चहा मागितला आणि मला नावानं हाक मारली. संध्याकाळी परत डोकं जड झालं पण कालच्यासारखं नाही. उद्या परत काढणार आहेत, आता कुणी नको म्हणत नाही.

गोळीचं पाकीट दाखवलं. स्टेरॉइडच निघाली, डॉक्टरनी कपाळाला हात लावला. टीबीच्या गोळ्या थांबवल्यात.

आता अँफोटेरिसिन, बुरशीचं इंजेक्शन, सुरू केलंय. लिपोसोमल म्हणून भारी पडणारं लिहून दिलंय, ५० मिलिग्रॅमच्या बाटल्या, मामांचं वजन ५० किलो, दिवसाला ३ बाटल्या. बिलाचा आकडा बघून गरगरलं. साधं घेतलं तर चालत नाही काय? आणि हे किती दिवस? कुणीतरी म्हणालं आता एकाच डोसात होतं.

रातपाळीची_सिस्टर

४१ म्हणजे फार होतं, बरं झालं वेळेत केलंत. आज्जीला माझा नमस्कार सांगा.

साधं अँफोटेरिसिन पण काम करतं, वर्षानुवर्षं तेच देत आलो, पण किडनीला जास्त त्रास देतं आणि चालू असताना अशी हुडहुडी भरते की कॉट हलते. आम्ही आधी एक सलाईन चढवतो किडनीसाठी, मग औषध डेक्स्ट्रोजमध्ये, सावकाश चार-सहा तासात. औषध मात्र सलाईनमध्ये कधी मिसळायचं नाही, फाटतं, दूध नासावं तसं. कुठलं द्यायचं ते किडनीच्या रिपोर्टवर आणि खिशावर दोन्हीवर ठरतं, डॉक्टरना स्पष्ट सांगा की पैशाची अडचण आहे, लाजू नका. २०२१ ला काळ्या बुरशीच्या वेळी हेच औषध मिळेना म्हणून लोक कोल्हापूर-पुण्यापर्यंत हिंडलेले, आता निदान मिळतं तरी.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकच्या काउंटरला आजच जा, बाटल्यांची पावती फाडायच्या आधी.

तात्या_चिकोडीकर

वरचं वाचलं, स्टेरॉइडचं माझं चुकलं, मागे घेतो. योजनेबद्दल मला माहीत आहे तेवढं सांगतो, महाराष्ट्रानं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केलीय म्हणून जाहीर केलं, त्यावरून इकडं केवढा गोंधळ झाला सगळ्यांना आठवत असेल. खानापूर तालुक्यातली पुष्कळ गावं त्या यादीत आहेत, तुमचं असेल तर चौकशी करा. पण ती महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलला, पेशंट असल्या अवस्थेत हलवू नका. आधी इथलं कार्ड.

पीजी_संपलेला

एक डोसचं खरं आहे पण अर्धवट. आफ्रिकेतल्या पाच देशांत ट्रायल झाली, लिपोसोमलचा एकच मोठा डोस, किलोमागं १० मिलिग्रॅम, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन (हे पण बुरशीचंच औषध) आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या. जुन्या पद्धतीइतकंच चांगलं निघालं आणि त्रास कमी. २०२२ ला डब्ल्यूएचओनं तेच पहिलं औषध म्हणून सांगितलं. पण ते एचआयव्हीच्या पेशंटसाठी. मामांसारख्या स्टेरॉइडवाल्यांत रोजचं इंजेक्शन निदान दोन आठवडे, बऱ्याचदा चार किंवा जास्त, पाणी परत तपासून बुरशी उगवत नाही ना हे बघून ठरवतात. त्यानंतर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, आठ आठवडे मोठा डोस आणि मग कमी करून सहा महिने ते वर्षभर. फ्लुसायटोसिन मिळतंय का ते विचारा, आपल्याकडं ते सगळीकडं नसतं, हॉस्पिटलच्या फार्मसीला मागवायला सांगावं लागतं.

दुसरा_डाव

नवीन आयडी काढून लिहितोय, कारण समजून घ्या. अथणी बाजूचा आहे.

मला हा आजार २०११ ला झाला. मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. तेव्हा मला माहीतच नव्हतं, डोकं दुखतंय म्हणून गेलो आणि दोन्ही एकदम कळलं. सीडी४ ३८ होता. पंधरा दिवस इंजेक्शन आणि सहा वेळा पाठीतलं पाणी. सहा. आज सायकल मारतो, ऊस तोडायला जातो, लुळा झालेलो नाही, आजीला माझं सांगा.

फौंड्रीवाल्यांनी लिहिलंय की टेस्टची बातमी आधी गावात पोचली. ते वाचून झोप लागली नाही म्हणून लिहितोय. माझी पण तशीच पोचलेली, वॉर्डातूनच कुणीतरी. आता २०१७ चा कायदा आहे, एचआयव्हीची माहिती पेशंटच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायला मनाई आहे, तेव्हा तो नव्हता. निगेटिव्ह आली हे गावाला ओरडून सांगत बसू नका एवढंच म्हणतो, कारण मग पॉझिटिव्ह असणारा आपोआप गुन्हेगार ठरतो. मामींना वाईट वाटलं असणार, कळतं.

माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर, मला एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या लगेच दिल्या नाहीत, पाच आठवडे थांबवलं. मी भांडलो होतो की एवढं झालंय आणि गोळी का देत नाही. नंतर कळलं, लगेच ताकद वाढली तर तीच ताकद मेंदूतल्या मेलेल्या बुरशीवर तुटून पडते आणि सूज येते, माणूस दगावू शकतो. गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात माझं डोकं परत दुखायला लागलंच, वाटलं संपलं, पण ते तसलंच निघालं, बुरशी परत आली नव्हती. आता एआरटी सेंटरला सीडी४ कमी आला की डोकं दुखायच्या आधीच रक्ताची ती पट्टी टेस्ट करायला मागता येते, मागा. मला कुणी सांगितलं असतं तर सहा सुया वाचल्या असत्या.

निपाणी_लॅबवाला

दादा, सलाम. आणि ती रक्ताची पट्टी डोकं दुखायच्या कित्येक आठवडे आधी पॉझिटिव्ह येऊ शकते, हे खरंच आहे. त्या वेळी पकडलं तर पाण्यात उतरली नसेल तोवर नुसत्या गोळ्यांवर भागतं.

फौंड्रीवाला

दादा, तुमचं मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ह्या भावाला म्हणावं, आता मी कुणाला काय सांगत बसत नाही.

आज सातवा दिवस. पाणी चार वेळा काढून झालं, काल प्रेशर १९ आलं म्हणून काढलंच नाही. मामांना एकच बैल दिसतोय, म्हणजे गोठ्यातला नाही, मोबाइलवर फोटो दाखवला. कार्डाचं काम झालं, सगळं नाही पण बरंच बसलं त्यात. गावाकडं थोरल्या मामांनी माळा पाणी मारून धुतला, मास्क लावून, पारव्यांची घरटी मात्र आज्जीनं काढू दिली नाहीत, पिल्लं आहेत म्हणाली, पिल्लं उडाल्यावर बघू.

एक शेवटचं. आज रक्तात पोटॅशियम २.९ आलं, कमी आहे म्हणालेत. समोरच्या गाड्यावरून शहाळं आणून द्यावं काय? मामी कालपासून मागं लागलीय.

रातपाळीची_सिस्टर

हे औषध किडनीतून पोटॅशियम बाहेर टाकतं, मॅग्नेशियम पण, त्यामुळं कमी येणार हे धरूनच चाललेलं असतं, बाटलीतून भरून देतील. शहाळं आपल्या मनानं देऊ नका, किडनी दमली असेल तर उलटं चढून बसतं. क्रिएटिनिन (किडनीचा रिपोर्ट) किती आलंय ते विचारा आणि राउंडला डॉक्टर हो म्हणाले तर द्या. आज मामींनीच पिऊ दे ते.